द्वारकाबाईंचं ठाण

“एक लक्षात ठेव सानिका, यंत्राला तुझी आई दिसणार नाही. त्याला फक्त फरक दिसतो,” असं तरन्नुम मुकादम तिला पहिल्याच दिवशी म्हणाली होती.

सानिकाने “हो गं ताई, कळलं,” म्हणून मान डोलावली, मांडीवरच्या ओवीच्या हनुवटीवर ओघळलेलं नाचणीसत्त्व पुसलं आणि विषय पुढे नेला. शास्त्रज्ञ माणसं असलं काहीतरी बोलतातच. दर सकाळी मोबाइल उघडल्यावर आईचं अंगण हिरवं दिसलं म्हणजे झालं, एवढंच जिला हवं होतं, तिने त्या वाक्याचं काय लोणचं घालायचं?

हिरवं म्हणजे ‘बदल नाही’. त्या वर्षांत घाटाखालच्या वाड्यांची सकाळ या रंगाने उजाडायची. लागोपाठच्या पावसाळ्यांत दरडींनी वस्त्या गिळल्यावर ‘डोंगरलक्ष’ नावाचं केंद्र उभं राहिलं होतं. ऊन जरा वर आलं की केंद्राचे ड्रोन निघायचे आणि शेत नांगरावं तसे एकेका वाडीवर फिरायचे. सरळ जायचं, वळायचं, मागच्या तासाला लागून परत यायचं. उंबरकोंडच्या बायका त्याला भिंगरी म्हणत. “भिंगरी येऊन गेली का गो?” ही तिथली वेळ विचारायची रीतच झाली होती.

पहिल्या उन्हाळ्यात मोठीच गंमत झाली. चैत्र लागताच बायकांनी कुरडया, मिरच्या, आमसुलं वाळत घातली आणि केंद्राच्या पडद्यावर सगळा तालुका केशरी झाला. जमीन फुगते आहे, असं यंत्राने कळवलं. तपासायला जीप धावली, तर समोर लुगड्यावर पापड. “आता पापड लाटाया पन सायबाचा दाखला लागंल,” असं द्वारकाबाई उतेकर चारचौघांत म्हणाल्या आणि जीपमधल्या साहेबाच्या हातावर त्यांनी मूठभर फेण्या ठेवल्या. मग केंद्राने यंत्राला वाळवण शिकवलं. उन्हाळ्यात घराच्या पुढे-मागे, चटईएवढं, जमिनीलगत काही नवं पसरलेलं दिसलं तर ते वाळवण समजायचं. त्याची बोंब करायची नाही.

या द्वारकाबाई म्हणजे सानिकाची आई. नवरा गेल्यापासून उंबरकोंडला एकट्या. मुलीच्या मोशीच्या फ्लॅटमध्ये त्या एकदा जेमतेम आठवडाभर राहिल्या आणि “तुज्या या खोक्यात माझा जीव घुसमटतो,” म्हणून परत गेल्या. कान जवळजवळ गेले होते. कानातलं यंत्र डब्यात ठेवलेलं असायचं, कारण त्यातून म्हणे भांडी पडल्यासारखा आवाज येतो. फोनवर त्या एकतर्फी बोलायच्या. “बरी हाय, जेवले, पोरीची दिष्ट काढ,” एवढं सांगून ठेवून द्यायच्या. इकडून काय विचारलं, ते त्यांच्यापर्यंत पोचायचंच नाही.

सानिकाचा स्वभाव मुळातच धास्तीचा. बाळंतपणानंतर तो आणखी वाढला. ओवी झोपली की तिच्या नाकापुढे तळहात धरून ऊब लागते का ते ती बघायची. दुपट्याची घडी वरखाली होताना दिसली, की मग स्वतः श्वास सोडायची. नवरा निखिल हसायचा. पण आईच्या नाकापुढे मोशीहून हात कसा धरायचा?

म्हणून माहेरहून परतताना ती ओवीला घेऊन तालुक्याच्या गावी केंद्रात गेली होती. तरन्नुम कॉलेजात तिच्या दोन वर्षं पुढे होती आणि आता इथली मुख्य शास्त्रज्ञ होती.

“एक डोळा झाक,” तरन्नुम म्हणाली. “बोट नाकासमोर धर. आता तो उघड, दुसरा झाक. बोट सरकलं?”

“सरकलं.”

“बोट जागेवरच आहे. तू एका डोळ्यावरून दुसऱ्यावर गेलीस. बोट जितकं जवळ तितकं ते जास्त सरकल्यासारखं वाटतं. त्यावरून मेंदू अंतर काढतो. भिंगरीचं तेच. तिने काढलेला प्रत्येक फोटो म्हणजे एक डोळा. तुमच्या दारातला एक दगड तिला पन्नास फोटोंत दिसतो. प्रत्येक फोटोतून त्या दगडाकडे एक रेघ ओढायची. सगळ्या रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे दगड. असे करोडो ठिपके जमले की हे होतं.”

तिने पडदा वळवला. उंबरकोंड वाडी एखाद्या खेळण्यासारखी त्यावर तरंगत होती. बोटाने ढकललं की फिरायची, कौलांखालच्या सावल्याही दिसायच्या. याला केंद्रात ‘घनचित्र’ म्हणत. कालच्या घनचित्रावर आजचं ठेवायचं, आणि जिथे दोन्ही जुळणार नाहीत तिथे रंग भरायचा. हा ‘फरकपट’. डोंगराला पेरभर भेग गेली तरी तो रंग दाखवायचा.

सानिकाने वाडी फिरवून फिरवून पाहिली. विहीर होती, पेंढ्याची उडवी होती, गंगामावशीचा गोठा होता. पण काहीतरी चुकत होतं.

“ताई, माणसं कुठायत?”

“गाळली.”

“म्हणजे?”

“हलणाऱ्या वस्तूच्या रेघा जुळत नाहीत गं. एका फोटोत कोंबडी इथे, दुसऱ्यात तिथे. मग घनचित्रात ती धुरासारखी उमटते. हा धूर आम्ही चाळणीतून काढून टाकतो. कोंबड्या, कुत्री, वाऱ्यावरची केळ, माणसं. राहतं ते स्थिर तेवढंच.” तरन्नुम हसली. “आमच्या नकाशात अख्ख्या तालुक्यात एक माणूस नाही. डोंगरावर नजर ठेवायला बसलोय आम्ही.”

सानिका आईच्या अंगणापाशी थांबली. तिथे चाळणीतून निसटलेला थोडासा धूर होता, राखाडी, पोत्याएवढा. ऊन कोवळं असतं तेव्हा द्वारकाबाई पाट टाकून, हातात काठी घेऊन वाळवणावरचे कावळे हाकत बसायच्या. भिंगरी नेमकी त्याच वेळी यायची.

“ही आई,” ती म्हणाली. “हिला गाळू नका ना.”

तरन्नुमने खूप आढेवेढे घेतले. शेवटी तिने युक्ती काढली. त्या पाटाभोवती एक वर्तुळ आखायचं, तिथे चाळण लावायची नाही, आणि यंत्राला सांगायचं, की इथे साधारण एवढ्या आकाराचं काहीतरी रोज असायला हवं. असलं तर हिरवं. जागा मोकळी दिसली तर लाल, आणि सानिकाच्या मोबाइलवर घंटा. याचं नाव तिने ‘ठाण’ ठेवलं. ठाण मांडून बसलेलं माणूस घराच्या खांबासारखंच धरायचं, एवढाच त्याचा अर्थ. ते फरकाचं वाक्य ती तेव्हाच बोलली. आणि जरा वेळाने, खालच्या आवाजात, “मी अब्बांनाही लावते म्हणते,” असंही बोलली.

द्वारकाबाईंना हे पटवायला सानिकाला त्यांच्या कानाशी ओरडावं लागलं. सगळ्या वाडीने ऐकलं.

“मी काय मैलाचा दगुड हाय? रोज एका जागी बसू?”

“फक्त भिंगरी येते तेवढा वेळ, आई! तू बसलीस की मला कळतं तू बरी आहेस!”

“आन् नाय बसले तर?”

“तर मला लाल दिसतं!”

“मंग लाल बघ की. कुकू समज.”

पण बसल्या. लेकीचा जीव राहतो तर राहू दे, म्हणून बसल्या. सानिकाला रोज तो धुराचा पुंजका दिसायचा आणि तिला खरंच झोप लागू लागली. एकदा तिने आईला मोबाइलवर तिचंच चित्र दाखवलं. “धुरावाणी दिसते मी,” द्वारकाबाई म्हणाल्या. “चुलीपुढं जल्म गेला. आनखी कशी दिसनार?”

हळूहळू सानिकाचे फोन कमी झाले. यात तिचं काही वाईट नव्हतं. ओरडून ओरडून हाती काय लागायचं? हिरवा रंग जास्त खात्रीचा होता. आजूबाजूच्या वाड्यांतही ठाणं वाढली. मुंबई-पुण्याची, दुबईची मुलं केंद्राकडे मागणी करू लागली. वाडीतल्या वाडीतही माणसं पूर्वी सकाळी एकमेकांच्या दारात डोकावायची, ती आता मोबाइलमध्ये डोकावायला लागली. हिरवं आहे ना, मग कशाला उन्हातून जायचं?

लाल एकदाच आलं. सानिका ओवीला आंघोळ घालत होती. घंटा वाजली तशी तिने साबणाच्या हातांनी गंगामावशीला फोन लावला. मावशी चप्पल न घालता धावली, तिच्यामागे आणखी चौघीजणी. द्वारकाबाई जांभळीच्या वरच्या अंगाला करवंदं काढत होत्या. ओटी भरलेली, तोंड काळंनिळं. त्यांना धरून, जवळजवळ मिरवणुकीने घरी आणलं. वाडीला हसायला महिनाभर पुरलं. “द्वारकाच्या गळ्यात लेकीनं घांट बांदलीय,” असं विहिरीवर चालायचं. सानिकाही फोनवर खूप बोलली. तिकडे ऐकू गेलं नसेल, पण सूर पोचला असावा. “बरं,” एवढंच म्हणून द्वारकाबाईंनी फोन ठेवला.

त्यानंतर लाल कधी आलं नाही.

वैशाखात एका सकाळी सानिकाने घनचित्र उघडलं आणि ती हरखलीच. त्या धुराच्या जागी आई होती. स्पष्ट. डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, पदराच्या काठावरची बारीक चौकट, गुडघ्यावर आडवी काठी, काठीच्या टोकाला बांधलेली चिंधी. लुगड्याच्या चुण्या मोजता आल्या असत्या.

“अरे निखिल, बघ ना! कॅमेरा बदललेला दिसतोय त्यांनी.”

निखिलने चित्र मोठं केलं. “चेहरा नाही दिसत पण.”

“ऊन लागतं तिला. पदर ओढून बसते.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर होता. मग एक दिवस स्पष्ट, मग दोन दिवस धूर. नवीन कॅमेरा अधूनमधून लावत असतील, असं तिने धरलं. पुढे मात्र रोजच आई छान स्पष्ट येऊ लागली. तिने ते चित्र मोबाइलच्या पडद्यावर लावलं. “ही बघ आजी,” म्हणून ओवीला दाखवलं, तेव्हा ओवीने ओल्या ओठांनी आजीचा पापा घेतला. जवळजवळ आठवडा असाच गेला. शेवटी न राहवून सानिकाने तरन्नुमला ते चित्रच पाठवलं. खाली लिहिलं, ‘ताई, नव्या कॅमेऱ्याबद्दल किती आभार मानू?’

दुपारी ओवीला घास भरवत असताना तरन्नुमचा फोन आला.

“सानिका, कॅमेरा तोच आहे.”

“मग काहीतरी सुधारलं असेल तुमच्या...”

“काही सुधारलेलं नाही. आईशी शेवटचं कधी बोललीस?”

सानिकाने आठवून पाहिलं. तिला दिवस सांगता येईना.

“मधे धूर यायचा ना? आता?”

“आता रोज असंच येतं. छान.”

“रोज?” मग तरन्नुम एकेक शब्द सुटा करून बोलली. “जिवंत माणूस बसून राहिला तरी हलतो गं. श्वास घेतो. माशी वारतो, मान वळवतो. रेघा जुळतच नाहीत. म्हणून तो धूर होतो. इतकं स्पष्ट काही आलं, तर ते हललेलं नाही. सबंध फेरीत, पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत, जराही नाही. धूर होता तोवर तुझी आई होती तिथे. मी निघतेय. तूही नीघ.”

सानिकाच्या हातातला चमचा तसाच राहिला. समोर ओवी ‘आं’ करून बसली होती. या पोरीचं दुपटं क्षणभर स्थिर राहिलं तर आपलं काळीज तोंडात येतं. आणि तिकडे आईचं लुगडं आठवडाभर हललं नाही, तर आपण त्याचं कौतुक केलं.

तिने गंगामावशीला फोन लावला. मावशी डोंबिवलीला लेकाकडे होती.

“येताना बगितली की तिला. अंगनात बसलेली. मी हात केला, तिनं काय केला नाय. म्हटलं कान गेलं व्हतं, आता डोळंबी गेलं म्हातारीचं.”

“मावशी, ती हलत नव्हती?”

फोनवर मावशी हसली, आणि हसता हसता थांबली. “अगो, ते भावलं असंल.”

“कसलं भावलं?”

“तुला ठाव नाय?” मावशीचा आवाज एकदम उतरला. “तू येवढी ओरडलीस तवापासून तिनं भावलं केलंय. पेंडा भरून, मडक्याचं डोकं, वर तिचं जुनं लुगडं. करवंदाला जायाचं आसलं, कुनाकडं बसाया जायाचं आसलं, की भावलं बसवायची पाटावर आन् जायाची. म्हनायची, यंतर बी राजी, लेक बी राजी. आमी सगळ्या हसायचो. आता निम्म्या वाड्यांतनी करत्यात. तिनंच शिकवलं...”

“मग आई कुठंय, मावशी?”

मावशीला ते माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

घाट उतरताना निखिल गाडी चालवत होता आणि सानिका मनात आईला जिथे जिथे शक्य होतं तिथे तिथे बसवत होती. करवंदाच्या जाळीत. जांभळीखाली. मावसबहिणीकडे, लग्नाला. सापडली की खूप बोलायचं असं तिने ठरवलं, मग अजिबात बोलायचं नाही असं ठरवलं.

तरन्नुम आधी पोचली होती. घराच्या पायरीवर बसलेली ती गाडी पाहून उठली आणि तिने सगळ्यात आधी ओवीला आपल्या कडेवर घेतलं. तेवढ्यावरून सानिका समजली.

अंगणात पाटावर बाहुलं बसलेलं होतं. काठी गुडघ्यावर होती. समोरच्या लुगड्यावरच्या कुरडयांचा चुरा झाला होता आणि बाहुल्याच्या मडक्यावर एक कावळा निवांत बसला होता. कावळे फसले नव्हते.

द्वारकाबाई मागीलदारी होत्या. भांडी घासायच्या दगडापाशी पाय घसरून पडल्या होत्या, मांडीचं हाड मोडलं होतं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दगडापासून मोकळ्या जागेपर्यंत जमिनीवर सरपटल्याचा माग होता. घरात जायचं तर उंबरा चढावा लागला असता. त्या उलट्या दिशेने, आभाळाखाली आल्या होत्या. अंगावर रोजचं फिकट हिरवं लुगडं होतं आणि त्यावर वाऱ्याने आणलेली आंब्याची पानं.

त्या आभाळाखाली का आल्या, हे कळायला दिवस गेले. बारावं-तेरावं उरकल्यावर सानिका केंद्रात गेली. “मूळ फोटो असतील ना तुमच्याकडे? गाळायच्या आधीचे?”

“आहेत.”

“तू पाहिलेस?”

तरन्नुमने होकारार्थी मान हलवली. “सानिका, नको.”

“दाखव.”

पहिल्या दिवशीच्या फोटोंमध्ये द्वारकाबाई सरपटत होत्या. प्रत्येक फोटोत जराशा पुढे. रेघा जुळल्या नाहीत, धूर झाला, चाळणीने काढून टाकला. मागीलदार रिकामं, फरकपट हिरवा. दुसऱ्या दिवशीच्या फोटोंमध्ये त्या उताण्या पडलेल्या होत्या, हलत नव्हत्या. पण उजवा हात वर होता. एका फोटोत डावीकडे, पुढच्यात उजवीकडे, मग डोक्यावर. भिंगरीला ऐकू येत नाही हे त्यांना कळत होतं. ती बघते, असं लेकीने कानाशी ओरडून सांगितलेलं होतं. म्हणून त्या तिला हात करत होत्या.

“घनचित्रात अंग आलं,” तरन्नुम पडद्याकडे न बघता म्हणाली, “हात आला नाही. हात हलत होता, म्हणून गाळला गेला. आणि अंग... चटईएवढं, जमिनीलगत, उन्हाळ्यात, घराच्या मागे, कापडी. यंत्राने त्याला वाळवण म्हटलं. आम्ही शिकवलं होतं तसं.”

“तिसऱ्या दिवशी?”

“तिसऱ्या दिवशीही हात आहे. कमी.”

तरन्नुम उठून बाहेर गेली, आणि काचेपलीकडून तिचा आवाज ऐकू आला. ती घरी फोन करत होती. “अब्बा? नाही, काही काम नाही. तुम्ही बोला ना काहीतरी. बोलत राहा.”

केंद्राने ठाण बंद करायचं ठरवलं, तेव्हा विरोध झाला तो मुलांकडून. एवढ्या लांबून आम्ही काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. ठाण चालू राहिलं. तरन्नुमने एवढीच तजवीज केली, की फार स्पष्ट दिसणाऱ्या ठाणाला यंत्र पिवळा ठिपका देईल. पहिल्याच सकाळी तालुक्यात इतके ठिपके उमटले, की एवढ्या दारांत पाठवायला माणसं कुठून आणायची हा प्रश्न पडला. द्वारकाबाईंची युक्ती डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरली होती. स्पष्ट दिसणाऱ्या प्रत्येक बाहुल्यामागे एक म्हातारं माणूस होतं. ते चुलीपुढे होतं, की करवंदाच्या जाळीत, की आणखी कुठे, हे वरून कळायला मार्ग नव्हता. घरात असलेली माणसं घनचित्रात नाहीत. हिंडतीफिरती माणसं घनचित्रात नाहीत. हात करणारी माणसंही नाहीत.

सानिका आता रोज सकाळी, ओवी उठायच्या आत, एकेक वाडी उघडून फिरवून बघते. घनचित्रं सगळ्यांना खुली असतात. पिवळा ठिपका दिसला की नंबर शोधून फोन करते. बहुतेक वेळा शिव्या मिळतात. “मेले नाय गं बाय अजून, भाकऱ्या टाकतेय. तू कोन?” एका आजीने तर, “थांब, भावलं उठवते,” असं म्हणून चक्क खळखळून हसून दाखवलं. अशा शिव्या खाल्ल्या की सानिकाचा दिवस बरा जातो.

पण पाथरकोंडच्या वरच्या आळीतलं एक घर फोन उचलत नाही. सिमेंटचे पत्रे, दारात पाण्याची निळी टाकी, टाकीपासून जरा बाजूला बाज. बाजेवर एक आजोबा बसलेले दिसतात, डोक्याला टॉवेल, पाठ घराकडे. बाजेच्या सुंभाचा पीळन् पीळ दिसतो, इतकं ते चित्र स्पष्ट आहे. त्यांचा मुलगा मस्कतला असतो. तो म्हणाला, “ताई, माझ्याकडे हिरवं आहे. कशाला घाबरवता?” शेजारची दोन घरं बंद आहेत. घाटरस्ता दुरुस्तीसाठी अडवला आहे आणि तरन्नुम दुसऱ्या टोकाला असंच एक अंगण बघायला गेली आहे.

म्हणून सानिका तुम्हाला विचारते आहे. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या बाजूचं असेल, कुणाची पाहुणेमंडळी तिथे असतील, कुणी आज त्या वाटेने जाणार असेल, तर पाथरकोंडला वर चढून एवढं घर बघा. फाटकातून हाक मारून परत फिरू नका, त्यांना ऐकू येत नसेल. बाजेवर पेंढा निघाला तर हसून निघून येऊ नका. घरात जा, घरात नसतील तर मागीलदारी जा. सापडले तर आधी पाणी द्या. सानिकाला मग कळवा.